वकीलपत्रावरची सही

एखाद्या लॉजवर छापा पडतो, 'चार तरुणींची सुटका' अशी दोन कॉलमी बातमी येते आणि त्याच संध्याकाळी आपल्याकडे ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, दलालांना भर चौकात फाशी द्या. दुसरी म्हणते, सुटका कसली डोंबलाची, सज्ञान बायका आहेत, त्यांचा त्या बघून घेतील. काही महिन्यांपूर्वी आमच्या जिल्ह्यात हेच झालं. बार रूममध्ये, व्हॉट्सॲपवर, स्थानिक वाहिनीवर आठवडाभर धुरळा उडाला. त्या चौघींना वकील आहे का, हे मात्र कुणी विचारलं नाही. गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर मी वकील आहे, म्हणून मला ठाऊक होतं. तिघींच्या वतीने दुसऱ्याच दिवशी वकीलपत्र दाखल झालं होतं. त्यावर ज्या वकिलाचं नाव होतं, तो ज्युनिअर होता. त्याचे सिनिअर लॉजच्या मॅनेजरच्या जामिनाचं काम बघत होते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. तस्करीतून किंवा अत्याचारातून बाहेर आलेल्या प्रत्येक व्यक्तीला पहिल्या दिवसापासून तिचा स्वतःचा वकील मिळाला पाहिजे. त्याचा पगार सरकारने द्यावा, पण त्याने सरकारी वकील, पोलीस आणि सोडवायला आलेली संस्था यांपैकी कुणाचंही ऐकू नये, फक्त तिचं ऐकावं. हे होत नाही तोवर फाशी की मोकळीक हा सगळा वाद तिच्या डोक्यावरून चाललेला आहे.

मालकाचा वकील मुलींसाठी उभा राहणं हा काही आमच्या जिल्ह्याचा शोध नाही. २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर 'प्रेरणा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हे प्रकरण आलं, ते याच कारणाने. कुंटणखान्यावर छापा, मुली ताब्यात, आणि त्यांना सोडा म्हणून अर्ज घेऊन हजर कोण, तर आरोपींचा वकील. न्यायालयाने बजावलं की दलालाचं किंवा कुंटणखाना चालवणाऱ्याचं काम घेणाऱ्या वकिलाला त्याच प्रकरणात सुटका झालेल्या मुलींच्या वतीने उभं राहता येणार नाही. वीस वर्षांहून जास्त झाली. त्यावर तोडगा काय निघाला, तर वकीलपत्रावर सिनिअरऐवजी ज्युनिअरचं नाव. फी कोण भरतं? वरकरणी घरवाली, म्हणजे कुंटणखान्याची मालकीण, भरते. मग ती मुलीच्या खात्यावर मांडली जाते, पोटभाड्यासारखी, आणि सुटून आल्यावर मुलीने ती 'फेडायची' असते. म्हणजे तिला बांधून ठेवणाऱ्या कर्जात तिला सोडवण्याचा खर्चही धरलेला असतो. आपण वकील दिला नाही म्हणून ती वकिलाशिवाय राहते, हा आपला भ्रम आहे. वकील येतोच. फक्त तो तिचा नसतो.

वकिलाची गरज तिला नेमकी कशासाठी? ती काही आरोपी नाही, असं लोक म्हणतात. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, ज्याला कोर्टात आणि पोलीस ठाण्यात सगळे 'पिटा' म्हणतात, तो उघडून बघा. कुंटणखाना चालवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात कलम ३ खाली शिक्षा किती? एक ते तीन वर्षं. सुटका झालेल्या बाईला 'काळजी आणि संरक्षण' हवं असं दंडाधिकाऱ्याला वाटलं, तर कलम १७ खाली तिला संरक्षण गृहात किती काळ ठेवता येतं? एक ते तीन वर्षं. दोन्ही आकडे मी पहिल्यांदा शेजारी शेजारी वाचले तेव्हा छपाईची चूक असेल असं वाटलं होतं. मालकाला तेवढ्या शिक्षेआधी वकील, जामीन, उलटतपास, अपील असं सगळं मिळतं. तिला मिळतो परिविक्षा अधिकाऱ्याचा, म्हणजे तिच्या घरची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचा, दोन पानी अहवाल, ज्यात 'कुटुंबाची पार्श्वभूमी समाधानकारक नाही' असं एक वाक्य असतं. ते वाक्य खोडून काढायला तिथे कुणी नसतं.

मुंबईतल्या तीन तरुणींच्या बाबतीत तसंच झालं. वय विशीच्या आसपास, तिघी सज्ञान. ऑक्टोबर २०१९ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी त्यांना वर्षभर उत्तर प्रदेशातल्या वसतिगृहात ठेवायचा आदेश दिला. आईकडे सोपवायला नकार दिला, कारण त्यांच्या समाजात देहविक्रयाचीच रीत आहे असं अहवालात होतं. सत्र न्यायालयाने अपील फेटाळलं. सप्टेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द केले आणि स्पष्ट केलं की या कायद्याने देहविक्रय हा स्वतःच गुन्हा ठरत नाही, आणि सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबून ठेवता येत नाही. निकाल उत्तम आहे, पण तारखा बघा. वर्ष संपायला जेमतेम महिना उरला होता. आणि या तिघींच्या मागे उच्च न्यायालयापर्यंत जाणारं कुणीतरी होतं. ज्यांच्या मागे कुणी नसतं, त्यांचं वर्ष पुरं होतं आणि निकालपत्रही निघत नाही.

आता समोरची बाजू. ती कच्ची नाही, आणि आमच्यातले काही जण ती कच्ची असल्यासारखे बोलतात, ते मला पटत नाही.

पहिला आक्षेप कायद्याच्या जाणकारांचा आहे. फौजदारी खटला हा राज्य विरुद्ध आरोपी असा असतो. पीडितेची बाजू मांडायला सरकारी वकील आहेच. तिचा वेगळा वकील उभा केला की एका आरोपीसमोर दोन वकील होतात, आणि खटल्याचं रूपांतर सूडात होतं. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये रेखा मुरारका प्रकरणात सांगितलं की पीडितेच्या वकिलाने सरकारी वकिलाला साहाय्य करावं, स्वतंत्रपणे उलटतपास किंवा तोंडी युक्तिवाद करू नये. मला ही भीती खरी वाटते. निष्पक्ष खटला हा आरोपीचा हक्क आहे आणि तो पीडितेच्या नावाखाली पातळ करायचा नाही.

पण 'सरकारी वकील आहेच' हे वाक्य महाराष्ट्राने तरी जपून उच्चारावं. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी ठाण्यातलेच दोन पोलीस. (तिचं नाव सगळ्या देशाला माहीत आहे, खटलाच त्या नावाने ओळखला जातो. पीडितेचं नाव छापू नये हा नियम तिच्या प्रकरणानंतर, १९८३ मध्ये आला, म्हणून तो तिला लागू झाला नाही असं समजायचं का? मी ते लिहीत नाही.) सत्र न्यायालयाने तिला खोटारडी ठरवून आरोपींना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे संमती होती, असा तर्क. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि त्यातून पुढे कायदा बदलला. आपण तो बदल साजरा करतो. मला मात्र वेगळंच खटकत राहतं. फिर्याद राज्याची आणि आरोपी राज्याचे नोकर. या दोघांच्या मध्ये त्या मुलीची म्हणून बाजू सांगणं हे कुणाचं काम होतं? चार प्राध्यापकांनी निकालानंतर जे लिहिलं, ते खटला चालू असताना तिच्या वतीने म्हणणारं कुणी असायला हवं होतं, इतकी साधी गोष्ट आहे ही.

शिवाय तिच्या वकिलाचं नव्वद टक्के काम खटल्यातल्या युक्तिवादाचं नसतंच, त्यामुळे 'एकावर दोन' हा हिशेब तिथे लागू पडत नाही. दंडाधिकाऱ्यापुढे जबाब देण्याआधी तिला समजेल अशा भाषेत सांगणं की हा कागद काय आहे. कलम १७ च्या चौकशीत तिचं म्हणणं मांडणं. आरोपीने जामीन मागितला तर तिला कळवणं आणि विरोध नोंदवणं. नुकसानभरपाईचा अर्ज करणं, जी गुन्हा शाबीत होण्यावर अवलंबून नाही, आरोपी सापडला नाही तरी मिळू शकते. हे तिला पोलीस ठाण्यात सहसा कुणी सांगत नाही. ती गावी परत गेली, मग ते गाव बंगालमधलं असो की नेपाळमधलं, तर साक्षीसाठी तिला दोन दिवसांच्या रेल्वे प्रवासात न ढकलता व्हिडिओवरून साक्ष घ्या असा अर्ज करणं. अशी साक्ष चालते हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच सांगितलं आहे, तेही महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या आपल्याच राज्यातल्या प्रकरणात. यातली बहुतेक कामं सरकारी वकिलाची नाहीत. त्याच्या टेबलावर त्या दिवशी चाळीस प्रकरणं असतात आणि साक्षीदाराशी त्याची पहिली भेट बऱ्याचदा साक्षीच्या सकाळी, व्हरांड्यात, उभ्या उभ्या होते.

तो व्हरांडा बघितलाय कधी? प्लास्टिकच्या पिशवीत समन्स गुंडाळून ती अकरा वाजल्यापासून बाकावर बसलेली असते. त्याच बाकावर आरोपीची आई आणि भाऊ. पुकारा होतो तेव्हा पट्टेवाला तिचं नाव तीनदा मोठ्याने घेतो. पैरवीचा हवालदार, म्हणजे कोर्टातलं काम बघणारा पोलीस, सांगतो, जबाबात आहे तसंच बोल. जबाबात काय आहे ते तिला आठवत नाही, कारण तो दोन वर्षांपूर्वी मराठीत लिहिलेला आहे आणि तिला मराठी येत नाही. दुपारी साहेब रजेवर असल्याचं कळतं. तारीख पडते. अशा चार तारखांनंतर ती येत नाही, किंवा येते आणि 'मला काही माहीत नाही' म्हणते, आणि रोजनाम्यात नोंद होते: साक्षीदार फितूर. मराठीत हा शब्द आपण किल्ल्याचा दरवाजा शत्रूला उघडून देणाऱ्यासाठी वापरत आलो. तिला तो लावताना कुणाची जीभ अडखळत नाही.

दुसरा आक्षेप संघटित देहविक्रय करणाऱ्या बायकांचा आहे आणि तो मला सर्वांत जड वाटतो. सांगलीची वेश्या अन्याय मुक्ती परिषद कित्येक वर्षं सांगते आहे की छापा हीच हिंसा आहे, सज्ञान बाईला पीडिता म्हणणं हा तिचा अपमान आहे, आम्हाला वकील देण्याऐवजी पोलीस आवरा. १९९६ च्या फेब्रुवारीत मुंबईत मोठे छापे पडले. चारशेहून अधिक मुली उचलल्या, त्यांत निम्म्याच्या आसपास नेपाळच्या. त्यांना महिनोन्‌महिने सरकारी गृहांत ठेवलं, कारण पुढे काय करायचं हे कुणी ठरवलेलंच नव्हतं. त्यामुळे 'सुटका' शब्द ऐकून ज्यांच्या अंगावर काटा येतो, त्यांचं बरोबर आहे.

पण याच तर्काचं दुसरं टोक बघा. बाई सज्ञान आहे आणि 'मी मर्जीने आले' म्हणते, म्हणून तिला सोडून दिलं. कोर्टाच्या फाटकाबाहेर जीप उभी आहे आणि जीपमध्ये घरवालीचा माणूस. मर्जी होती की भीती, हे ओळखायचं कसं? पोलिसासमोर ती खरं बोलणार नाही, कारण गिऱ्हाईक शोधल्याच्या कलमाखाली हाच पोलीस तिला आरोपीही करू शकतो. संस्थेच्या ताईंसमोर बोलणार नाही, कारण ताईंना तिने 'वाचलेलं' असणं हवं आहे. न्यायाधीशांसमोर बोलणार नाही, कारण समोर मालकाचा वकील बसला आहे. खोलीचं दार लावून, तिच्या भाषेत, 'तू मला जे सांगशील ते तू म्हणशील तरच बाहेर जाईल' असं कायद्याने म्हणू शकणारी व्यक्ती एकच आहे: तिचा स्वतःचा वकील. मर्जीने आलेल्या बाईला डांबण्यापासून वाचवायलाही तीच लागते आणि भीतीने 'मर्जी' म्हणणाऱ्या बाईला जीपपासून वाचवायलाही तीच. म्हणजे परिषदेचं म्हणणं आणि छाप्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं, दोन्ही जिथे तपासून घेता येतील अशी जागा हीच एक आहे. मग दोन्ही बाजू अशा वकिलाची मागणी का करत नाहीत?

तिसरा आक्षेप पैशाचा. वकील आणायचे कुठून? याचं उत्तर सरकारनेच देऊन ठेवलंय. २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत लोक अभिरक्षक कार्यालयं सुरू झाली: पूर्णवेळ नेमलेले, खासगी कामं न घेणारे वकील, गरीब आरोपींसाठी. अतिशय चांगली गोष्ट. 'कसाबलासुद्धा वकील दिला' असं दात-ओठ खाऊन म्हणणाऱ्यांशी मी नेहमी भांडत आले आहे. दिला तेच बरोबर होतं, आणि २०१२ च्या कसाबच्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोणताही आरोपी पहिल्यांदा समोर आला की त्याला वकिलाचा हक्क समजावून सांगणं हे दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. आता प्रश्न असा, की आरोपीसाठी पूर्णवेळ कार्यालय जमतं, तर तिच्यासाठी आमच्यासारख्या पॅनेलवाल्यांवर का भागवायचं? आम्ही आमची कामं सांभाळून जातो. फोन येतो तोवर वकीलपत्र गेलेलं असतं.

हक्क नाही असं कुणी म्हणू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये तस्करीची आणि वेठबिगारीची शिकार झालेली व्यक्ती वेगळी नोंदवली आहे, स्त्री वेगळी, मूल वेगळं, संरक्षण गृहात ठेवलेली व्यक्ती वेगळी. उत्पन्नाची अट नाही. सोळा वर्षांची मुलगी चार दारांनी त्या कायद्यात शिरू शकते. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, रेल्वेत घरकामगार बायकांवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात, सांगितलं की वकील पोलीस ठाण्यातच मिळाला पाहिजे, ठाण्यात वकिलांची यादी पाहिजे आणि हा हक्क पोलिसांनी तिला सांगितला पाहिजे. आमच्याकडच्या एका ठाण्यात मी ती यादी बघितली आहे, ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे. त्यावरच्या पहिल्या वकिलांच्या शोकसभेला मी स्वतः गेले होते.

आणि तस्करी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लाल दिव्याची वस्तीच येते, तेही जाता जाता सांगते. २०२२ मध्ये इगतपुरी भागातल्या कातकरी मुलांना मेंढ्या राखायला थोड्या पैशांवर गहाण ठेवल्याचं उघड झालं. अशा मुलाला पुनर्वसनाची रक्कम मिळायला प्रशासनाकडून मुक्ती प्रमाणपत्र लागतं, आणि मोठी रक्कम गुन्हा शाबीत होण्याशी जोडलेली असते. पालावरचा बाप प्रांताच्या कचेरीत जाऊन ते प्रमाणपत्र मागेल, अशी कल्पना ज्याने केली त्याने प्रांताची कचेरी आतून बघितलेली नाही.

फाशीवाल्यांशी मी फार वाद घालत नाही. बलात्काराला फाशीपर्यंत शिक्षा सुचवणारं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलं, टाळ्या वाजल्या, राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते अडकून पडलं. ते लागू झालं असतं तरी त्या व्हरांड्यातलं बाक तेच राहिलं असतं. मला त्यांना फक्त रखमाबाईंची आठवण द्यावीशी वाटते. त्यांचं लग्न लहानपणीच लागलं होतं; १८८४ मध्ये नवऱ्याने, दादाजीने, त्यांनी नांदायला यावं म्हणून दावा लावला, तेव्हा कायदा रखमाबाईंच्या विरोधात होता, बहुतेक समाज विरोधात होता, टिळकही विरोधात होते. १८८७ मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा आदेश निघाला. तरीही ती मुलगी नांदायला गेली नाही, पुढे तडजोड झाली आणि ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली. तिच्याकडे होतं काय? तिच्यासाठी निधी जमवणारी समिती होती आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंगांसारखे वकील होते. एका नामवंत डॉक्टरची सावत्र मुलगी म्हणून ते तिला मिळालं. आजच्या मुलीच्या बाजूने कायदे इतके आहेत की कलमांच्या क्रमांकांनी माझी वही भरते. त्यातल्या एकाचंही पान तिच्यासाठी उलटणारा माणूस तिच्याकडे नाही.

'वकील मिळाला की तो तिला पढवणार' हाही एक आक्षेप असतो, आणि बचाव पक्ष उलटतपासात तो हमखास काढतो. पढवणारे वकील असतात, नाकारत नाही. मला स्वतःला उलट अनुभव आला, आणि तो मला तेव्हा आवडला नव्हता. त्या चौघींपैकी चौथी, जिने वकीलपत्रावर सही केली नव्हती, तिच्याकडे मला पाठवलं. गृहाच्या ऑफिसात अधीक्षक बाईंना बाहेर जायची विनंती करावी लागली, त्या नाराज झाल्या. मुलीने पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, तुम्ही कुणाच्या?" मी म्हटलं, सरकारने पाठवलंय, पण तुझी. तिने माझ्या हातातला कागद घेतला नाही. "आधी वाचून दाखवा," म्हणाली. सगळा वाचला. मग मी भरपाईबद्दल, जबाबाबद्दल, मॅनेजरच्या जामिनाला विरोध करण्याबद्दल बोलत राहिले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते राहू द्या. माझा फोन आणि अकरा हजार चारशे रुपये पोलिसांनी घेतलेत, ते आणून द्या."

फोन आणि पैसे मुद्देमालात जमा होते. पुरावा म्हणून. मला खटला लढवायचा होता, तिला फोन हवा होता, आणि अशील ती होती. अर्ज केला. पोलिसांचं म्हणणं यायला दोन तारखा गेल्या, सरकारी वकिलांची हरकत नाही हे लिहून घ्यायला आणखी एक. पाच महिन्यांनी आदेश झाला. मुद्देमाल कारकुनाने सीलबंद पाकीट फोडलं, तेव्हा फोनची बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं होतं. नोटा मात्र बरोबर होत्या. तिने त्या कारकुनासमोर दोनदा मोजल्या, पावतीवर सही केली, आणि मग मला विचारलं, त्या मॅनेजरच्या केसची पुढची तारीख कधी आहे.